घरानेही बजावलेली सेवा

नौदलाच्या पाणबुडी शाखेत माणूस स्वखुशीने जातो. विशी-पंचविशीतला मुलगा अर्ज करतो, निवडला जातो, घरी पेढे वाटले जातात. घराची संमती मात्र कुणी विचारत नाही, आणि पुढे या नोकरीचा निम्मा भार घरच उचलते.

8 डिसेंबर 1967 रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात ‘आयएनएस कलवरी’ नौदलात दाखल झाली. भारताची ही पहिली पाणबुडी; म्हणून तो दिवस पाणबुडी दिन. आज त्याच नावाच्या नव्या बोटीची, शिवरायांच्या जलदुर्गाची आठवण देणाऱ्या ‘खांदेरी’ची आणि त्यांच्या आणखी चार बहिणींची बांधणी मुंबईत माझगाव डॉकमध्ये झाली आहे. बोटींविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्यांतल्या माणसांच्या घरांविषयी बोलत नाही.

सुरुवातीची वर्षे सर्वांत कसोटीची. विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस सातवाहन’मध्ये शिक्षण, मग बोटीवर उमेदवारी. प्रत्येक नळी, झडप, बटण अंधारातही हाताला सापडले पाहिजे. तोंडी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लागते. आचाऱ्यालाही आग विझवणे आणि गळती रोखणे यावे लागते, कारण सुमारे 67 मीटर लांबीच्या त्या पोलादी नळकांड्यात पळायला जागा नाही. एकाची चूक चाळिसेक जणांच्या जिवावर बेतते. म्हणून तरुण मुलगा सोबत्यांशी सख्ख्या भावासारखा बांधला जातो. घरी आल्यावर तो गप्प असतो, तेव्हा घरच्यांना तो दुरावल्यासारखा वाटतो. प्रेम आटलेले नसते; दिवसरात्र सावध राहण्याची सवय सुट्टीतही सुटत नाही, इतकेच.

त्यात संपर्क तुटतो. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फार खोल शिरत नाहीत. तिरुनेलवेलीजवळच्या ‘आयएनएस कट्टबोम्मन’सारख्या केंद्रातून अतिदीर्घ लहरींवर थोडके शब्द पोहोचतात, तेही एकाच दिशेने. उत्तर द्यायचे तर अँटेना पाण्याबाहेर काढायची, म्हणजे आपला ठावठिकाणा शत्रूला कळण्याचा धोका पत्करायचा. लपून राहणे हेच पाणबुडीचे बळ आहे, आणि त्याची किंमत बाळंतपणात, वडिलांच्या आजारपणात घर मोजते. ब्रिटिश नौदलात अण्वस्त्रधारी पाणबुड्यांवर घरचा छोटा निरोप जातो, उलट निरोप येत नाही. मृत्यूची बातमीही गस्त संपेपर्यंत राखून ठेवली जाते. हे कठोर आहे, तरी मला ते पटते. दुःखाने थरथरणारा हात झडपेवर असणे सर्वांनाच घातक. पण अशी कठोरता घराला आधी समजावून सांगितली असेल तरच न्याय्य ठरते.

धोका फक्त खोल समुद्रात असतो असेही नाही. 14 ऑगस्ट 2013 रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या गोदीत उभ्या ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि 18 जण गेले. बोट बंदरात आहे म्हणून निर्धास्त झोपलेल्या घरांवर तो घाव होता.

नौदलाच्या वसाहतीतल्या पत्नीला निदान समदुःखी शेजार मिळतो. साताऱ्याच्या किंवा सिंधुदुर्गच्या खेड्यातल्या आईवडिलांना तोही नाही. मुलगा रुजू होतो त्याच वेळी त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला हवे: महिना-महिना फोन का येणार नाही, अडचणीत कुणाला विचारायचे, वाईट बातमी कोण आणि कशी सांगेल. हा उपकार नव्हे, त्यांचा हक्क आहे.

आणि वाचकहो, तुमच्या शेजारी असे घर असेल, तर बोट सध्या कुठे आहे हे विचारू नका. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर सोबत कोण आहे, हे विचारा.