उन्हावर सोडलेला कागद

घाई नको. श्वास आपल्या लयीत येऊ द्या, आणि वाचता वाचता मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा.

१९६८ साल. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरचं फिलमोर ईस्ट हे रॉक संगीताचं सभागृह. मंचाच्या कडेला कॅमेरा घेऊन लिंडा ईस्टमन उभी आहे. पुढे लग्नानंतर ती लिंडा मॅकार्टनी होणार आहे. ते तूर्त बाजूला राहू दे. वर जॅनिस जॉप्लिन गातेय, मागच्या पडद्यावर लाइट शोचे रंग एकमेकांत ओघळतायत. यातला एकही दिवा लिंडाच्या हाती नाही. उजेड अपुरा, त्यामुळे शटर सावकाश चालवावं लागतं, आणि गाणारी तर सतत हलतेय. पण सुरांच्या मध्ये कुठेतरी ती श्वास घेते, अंग क्षणभर थबकतं. तिथे मन ठेवा. एवढ्या गदारोळात लिंडा त्या एका थबकण्याची वाट बघतेय.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘रोलिंग स्टोन’ या संगीताच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर तिने टिपलेला गिटारवादक एरिक क्लॅप्टन झळकला. त्या मुखपृष्ठावर एका स्त्रीने काढलेलं छायाचित्र पहिल्यांदाच आलं होतं.

आता आवाज हळूहळू विरू द्या. स्कॉटलंडमधलं, मॅकार्टनी कुटुंबाचं किंटायरचं शेत, घोडे, मुलं, ओलं गवत. वर्षं जातात. लिंडा सायनोटाइपकडे, म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळे छाप उमटवण्याच्या पद्धतीकडे वळते. ही पद्धत जॉन हर्शेलने १८४२ साली शोधली. तिने केलेल्या अशा छापांचं पुस्तक १९८८ साली आलं, ‘सन प्रिंट्स’.

ते काम डोळ्यांपुढे आणा. लोहक्षारांचं पिवळसर हिरवं द्रावण ब्रशने कागदावर पसरायचं. कडेला ब्रशचे फटकारे राहतात, राहू द्या. कागद अंधारात वाळवायचा, वर निगेटिव्ह, त्यावर काच, आणि सगळं उन्हात. ढग आला की थांबायचं. रंग राखाडी होत जातो. मग साध्या पाण्यात धुतलं की पिवळेपणा निथळतो आणि निळ्यातून आकार वर येतो.

रॉकचे दिवस म्हणजे पुढच्या कलेची नुसती उमेदवारी होती, असं लोक सहज म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. आपल्या हाती नसलेल्या उजेडाशी जुळवून घ्यायला ती मंचाजवळच शिकली, असं मला मनापासून वाटतं. हा विचार थोडा वेळ धरून ठेवा.

छाप फिकट आला? दुसरा कागद घ्या. या वेळी ऊन जरा जास्त वेळ लागू द्या.