उभी बाटली, आडवी बाटली

‘एका वेळी किती ड्रिंक घेता?’ बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याच्या किंवा मेहकरच्या माणसाला हे विचारले तर तो क्वार्टर सांगेल, नाइंटी सांगेल, हातभट्टीची असेल तर ग्लास. नाहीतर सरळ रुपये. ड्रिंक त्याच्या हिशेबात नसते.

हा प्रश्न जिच्यातला, ती दारूचा त्रास ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झाली. त्यासाठी माणसे तपासली ती नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिकेत. १८८४पासून चालत आलेल्या ‘ॲडिक्शन’ या ब्रिटिश नियतकालिकात ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या कर्त्यांनी दुजाभाव केला असे मी म्हणणार नाही. केनिया-मेक्सिको त्यांनी आवर्जून घेतले होते. पण एका ड्रिंकमध्ये अमुक ग्रॅम अल्कोहोल हे माप लेबल असलेल्या बाटलीचे. हातभट्टीच्या कॅनवर लेबल कुठून येणार?

मापाचे एक वेळ जुळवता येईल. मला जास्त खुपतो तो प्रश्नांचा क्रम. पहिले आठ प्रश्न पिणाऱ्याच्या पिण्याचे आणि मनाचे. त्या पिण्याने त्याला स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली का, हे नवव्यात. नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर काळजीने काही बोलले का, हे दहाव्यात. त्याची बायको चाचणीत येते ती इथे, शेवटी, आणि तीही त्याच्याच तोंडून.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून दारूच्या त्रासावर उपचार करवले. २०१७च्या ‘लॅन्सेट’मधला त्यांचा लेख मला फार मोलाचा वाटतो. वैद्यकाची पदवी नसलेल्यांचे बोलणे तिथे पुरावा ठरले. तरीही अभ्यासातले ३७७ जण सारे पुरुषच होते.

बायकांचे म्हणणे मोजले जाते ते वेगळ्याच ठिकाणी. महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करायला बायका मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. म्हणजे त्या दिवशी सोयाबीनच्या सोंगणीला गेलेली बाई आपोआप दुकानाच्या पारड्यात पडते. इतकी कडक कसोटी पार केलेले मत मला पुरावाच वाटते. ते निवडणूक निकालात राहते, नियतकालिकापर्यंत जात नाही.

मोताळ्याच्या एखाद्या उपकेंद्रात ही चाचणी नव्याने लिहायची झाली, तर पहिला प्रश्न पिणाऱ्याच्या बायकोला विचारावा : या आठवड्याच्या मजुरीतले घरात किती आले? आणि दारोदार जाऊन तो विचारणाऱ्या आशाताईचे नाव त्यावरच्या लेखाच्या शेवटच्या आभारांतून काढून वर, लेखकांच्या ओळीत घ्यावे.