उचल आणि आपला हिशेब

बीडच्या गेवराई तालुक्यातलं तलवाडा त्वरिता देवीचं ठाणं म्हणून ओळखलं जातं. दसरा-दिवाळी सरली की या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे कुलपं आणि म्हातारी माणसं उरतात. शहाणा माणूस विचारतो, ‘या राज्याने १९७७ सालीच रोजगार हमीचा कायदा केला. गावात काम मागता येत असताना लेकरंबाळं घेऊन कोपीत राहायला कुणी का जावं?’ या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे: समोरचाही माझ्यासारखाच रोजाशी रोज ताडून पाहतो. पण हमीची मजुरी कामामागून येते आणि थोडीथोडी येते. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल कामाआधी हातात पडते, तीही एकरकमी. लग्न, दवाखाना, जुनं देणं रोजंदारीने भागत नाही. तिथे नवरा-बायकोचा एक कोयता गहाण पडतो. हिशेब विचारणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा, दोघांचाही चोख आहे, फक्त मांडलेली गणितं वेगळी आहेत.

‘मग दुसऱ्याच्या मनाचा अदमास घ्यायचाच नाही का? तसं केलं तर कणव तरी कुठून येणार?’ आक्षेप रास्त आहे. भूक, दुखणं, लेकरांची काळजी सगळीकडे सारखीच, आणि ती ओळखायला आपलं मन हेच साधन. गरजा सारख्या म्हणून त्यांचा क्रमही सारखा मानला, की चूक होते. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. ऐकणाऱ्यांनी चटकन एकच कारण धरलं: पाळीमुळे खाडा पडू नये. खाड्याचा दंड खराच आहे. पण फडात ना पाणी ना आडोसा, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं आणि त्यावर दाखवलेली कॅन्सरची भीती, हीही कारणं होती. खाडाच पाहणारा दंड बंद करून थांबेल. भीती पाहणाऱ्याला गावात तपासणीची सोय सुचेल.

सगळ्यात कठीण आक्षेप पुढेच आहे: ‘त्यांची कारणं त्यांच्यापाशी, असं म्हटलं की मुकादम आणि कारखाना दोघेही सुटले. बाईनेच ठरवलं, असं म्हणायला ते मोकळे.’ पण ‘ठरवलं’ हा शब्दही आपल्याच घरचा आहे. नकार देऊनही ज्याची चूल पेटते, त्याच्या ठरवण्याला जो अर्थ आहे, तो उचल आधीच खर्च झालेल्या बाईच्या ठरवण्याला लावणं म्हणजे पुन्हा आपलंच मन तिच्या अंगात घालणं. कारण समजून घेतल्याने अन्याय माफ होत नाही. तो नेमका कुठे आहे ते कळतं.

म्हणून अदमास घ्यावा, पण तो प्रश्न म्हणून. निकाल म्हणून नव्हे. ‘तुम्ही का जाता?’ यात आपलं आश्चर्य बोलतं. ‘यंदाची उचल कशासाठी घेतली?’ असं विचारलं, तर उत्तर त्यांच्या हिशेबातून येईल.