सकुटुंब गिरिभ्रमण : भोग की भक्ती?

प्रपंची माणसाने बायकामुलांना बरोबर घेऊन, कोणत्याही देवाचा नवस नसताना, केवळ डोंगर आणि अरण्य पाहण्याकरिता घराबाहेर पडावे की नाही, असा प्रश्न अलीकडे आम्हांस गावोगाव विचारला जातो. प्रश्न विचारणारे बहुधा घरातील वडीलधारे असतात. मुलगा पुण्यामुंबईस नोकरीला. सुटी मिळाली की तो कधी भीमाशंकरच्या रानात, कधी चांदोलीस, कधी ताडोबास पोरांना घेऊन जातो. कोणी तर बद्रीनारायणाच्या वाटेवर गोविंदघाटाला उतरून, पायी 'फुलांच्या दरी'च्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचतात. म्हातारा म्हणतो, "एवढ्या पैशात घरच्या सगळ्यांची आषाढी झाली असती." मुलगा म्हणतो, "बाबा, देव काय देवळातच कोंडला आहे?" दोघेही आमच्याकडे पाहतात. तेव्हा या प्रश्नाचा नीट विचार करू.

वडिलांच्या पक्षाचे बळ हेतूवर आहे. वारीला देवाचा हेतू, सहलीला डोळ्यांचा हेतू. म्हणून एक भक्ती आणि दुसरा भोग. हे वरवर बरोबर दिसते. पण अहो, नुसत्या हेतूने चाल पवित्र होत असती, तर मुखी नाम घेत चालणाऱ्याच्या हातून वाटेवरच्या शेतात पत्रावळी आणि प्लास्टिकच्या बाटल्या पडल्या नसत्या. पाऊल पंढरीकडे आणि मन बाजारात, असेही चालणारे असतात. म्हणजे देवाचे नाव घेतले एवढ्याने चालणे शुद्ध होत नाही.

आता मुलाचा पक्ष. देव सर्वत्र आहे, हे खरेच. परंतु जो असे म्हणतो त्याच्यावर सर्वत्र सोवळे पाळण्याची जबाबदारी येते. देवळात शिरताना जो जोडा बाहेर काढतो, तोच अरण्यात मोठ्याने गाणी लावून शिरत असेल, तर 'देव सर्वत्र आहे' हे त्याचे वाक्य केवळ सोयीचे ठरते. दोन्ही पक्ष असे अपुरे पडतात. मग निर्णय कशावरून करावयाचा?

आपल्या संप्रदायाच्या मुळाशीच एक सकुटुंब गिरिभ्रमण आहे, त्याची आठवण करू. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई मुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत होते. वाटेत वाघ आला, सर्वांची पांगापांग झाली आणि थोरले निवृत्तिनाथ चुकून एका गुहेत शिरले. तेथे गहिनीनाथ बसले होते. पुढचा अनुग्रह सर्वांस ठाऊक आहे. त्या गहिनीनाथांची समाधी आपण आपल्याच बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील चिंचोलीच्या गडावर मानतो. आता पाहा, अनुष्ठान बापाचे. लाभ झाला तो वाट चुकलेल्या पोराला. बापाने 'रानात पोरांचे काय काम' म्हणून मुलांना घरी ठेवले असते, तर? म्हणून मुलांना डोंगरावर नेऊ नये, असे निदान आम्हा वारकऱ्यांना तरी म्हणता येत नाही.

त्या कथेत वाघही आहे, हे आपण विसरतो. आज ब्रह्मगिरीवर वाघ नाही. ज्या रानांत तो उरला आहे ती राखून ठेवावी लागली आहेत. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा आला. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्रीचा व्याघ्रप्रकल्प झाला. आम्हांस यात धर्म दिसतो. ज्या प्राण्याने निवृत्तिनाथांना गुहेची वाट दाखविली, त्याला राहण्यापुरती जागा आपण ठेवली.

पण ती जागा फुकट मिळालेली नाही. चांदोलीच्या रानातली गावेच्या गावे उठली, माणसे दुसरीकडे वसविली गेली. आपण तेथे जाऊन ज्या शांततेचे सुख घेतो, तिची किंमत कोणीतरी आपले घरदार आणि देवघर सोडून मोजली आहे. म्हणून तेथे जाणारा पाहुणा असतो, मालक नव्हे. पाहुण्याने यजमानाच्या घरात कसे वागावे, हे आमच्या लेकीबाळींनाही सांगावे लागत नाही. वाट सोडू नये, प्राण्यांना खाऊ घालू नये, आवाज करू नये, काही तोडू नये. फुलांच्या दरीत तर मुक्कामच करता येत नाही. दिवस कलण्याच्या आत परत फिरावे लागते. कोणी म्हणेल, पोरांना इतका वेळ गप्प कसे ठेवावे? माउलींच्या पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराचा दंड वर गेला की एवढा अफाट समाज क्षणात शांत होतो. ज्याने ते पाहिले त्याने ही शंका काढू नये.

पहिले लक्षण असे पाहुणेपणाचे. दुसरे लक्षण चालीचे. कुटुंब डोंगर चढू लागले म्हणजे तरणा मुलगा पुढे धावतो, आजी मागे राहते. पुढचा जर शिखर गाठून वरून हाका मारू लागला, तर त्याने डोंगर जिंकला आणि आई हरवली. दिंडीत विणेकऱ्याला मागे टाकून कोणी पुढे जात नाही. तसे घरातील सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने जो चढतो, त्याचा अहंकार प्रत्येक पावलाला थोडा झिजतो. शिखर न गाठता अर्ध्यातून परतावे लागले तरी त्याचे काम झाले.

तिसरे लक्षण सांगताना मात्र आमचा गळा जड होतो. आमच्या बीड जिल्ह्यात 'सकुटुंब प्रवास' या शब्दाचा अर्थ निराळा आहे. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या माथ्यावरची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली. लहान पोरे बरोबर, फडाजवळ कोपी. आणि मागे कुलूपबंद घरांच्या ओळीत म्हातारी माणसे. शेजारी पोटासाठी असा हिंडत असताना आपण मौजेसाठी हिंडावे काय?

कोणी उत्तर देतात की, हिंडू नये. पण आपण घरी बसल्याने कोणाचा कोयता हातातून खाली पडत नाही. शेजाऱ्याचे दुःख हेच आनंदाला कायमचे कुलूप म्हणावे, तर मग कीर्तन-सप्ताहही बंद करावे लागतील. दोष आनंदात नाही. दोष न पाहण्यात आहे. श्रावणात सौताड्याला रामेश्वराच्या दरीत विंचरणेची धार कोसळते, तेव्हा गाड्यांची रांग लागते. लोक म्हणतात, "काय हिरवेगार!" तोच बालाघाट फाल्गुनात उघडा दगड होतो. माथ्यावर मातीचा थर पातळ, पाऊस बेताचा, आणि पडलेले पाणी अडविणारे गवत-झाडी गेलेली. ज्या दगडाने कोयता हाती दिला, त्याच्यावरूनच ती देखणी धार पडते. मुलाला धार दाखवावी आणि दगडही दाखवावा.

आता हे पाणी कोठे जाते तेही सांगावे. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. तिच्यावरचे धनेगावचे धरण आटले आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले; तेथे उगवलेली भीमाच पंढरीत चंद्रभागा म्हणून आपल्या पायाशी येते. रान राखणे म्हणजे पाणी राखणे, आणि पाणी राहिले तर उद्या एखादे तरी बिऱ्हाड दिवाळीनंतर घरी राहील. मोरांसाठी राखलेले आपले नायगावचे अभयारण्य याच डोंगरात आहे; त्याकडे या दृष्टीनेही पाहावे.

तेव्हा आमचा निर्णय असा. जावे, मुलांना घेऊन जावे. पाहुण्यासारखे जावे, मागच्याच्या पावलाने चालावे, आणि जे दिसले त्यात शेजाऱ्याचे जिणेही पाहावे. एवढे साधले तर वर देऊळ असो वा नसो, ती उपासनाच आहे. न साधले तर वर देऊळ असूनही ती करमणूकच. पैशाचे म्हणाल, तर हिमालय दूर आहे. चिंचोलीचा गड, सौताडा, नायगाव हे एका दिवसाच्या वाटेवर आहेत. पहाटे निघावे, भाकरी फडक्यात बांधून न्यावी, कचरा तेवढा परत आणावा. आणि येताना वाटेतल्या एखाद्या वस्तीवर, जेथे सहा महिने कुलपे असतात, तेथे मागे राहिलेल्या म्हाताऱ्याजवळ घटकाभर मुलांसह बसावे. त्याला विचारावे, पोरांची खुशाली आली का?

रामकृष्णहरि.