शाळा कुरणात गेली तेव्हा

एप्रिल उजाडला की सोसायट्यांच्या फलकांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती लागतात. रॅपलिंग, झिपलाइन, तंबूत मुक्काम, कॅम्पफायर. वेळापत्रक शाळेपेक्षाही गच्च. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतात आणि मूल डोंगरात गेल्याची खात्री पटते. तिथे त्याच्यावर काय सोपवलं होतं, हे मात्र फोटोत दिसत नाही.

याच महाराष्ट्रात एकदा उलटा प्रवास झाला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण घरची गुरं त्यांच्या हवाली होती. मग शाळाच गुरांमागे गेली. तिचं नाव कुरणशाळा. खडे, शिंपले, पानं, बिया हेच तिथलं शैक्षणिक साहित्य.

गुराखीपणाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ती गरिबीची सक्ती होती. पण कोसबाडच्या मुलाला निसर्गाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नव्हती. जनावर चुकलं तर जाब त्यालाच द्यावा लागे, म्हणून पाणी कुठे, सावली कुठे, परतायचं कधी, हे त्याला ठाऊक असे. आपलं शहरी मूल रानात जातं ते गिऱ्हाईक होऊन. त्याची बाटली भरणारा दादा असतो, ताट वाढणारी ताई असते.

मुलावर काही सोपवायला हवं, हे शिबिरांची परंपरा घडवणाऱ्यांना कळत होतं. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलं घेऊन गेले. श्रीमंतांची आणि कष्टकऱ्यांची मुलं त्यांनी एकत्र केली, त्यांच्या तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडी एका मुलाच्याच हाती दिली. 1941 मध्ये, ऐन महायुद्धात, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी वेल्समधल्या ॲबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू केली, तीही तरुण खलाशांमध्ये संकटात तग धरण्याची जिद्द यावी म्हणून. दोन्हीकडे रान आणि समुद्र ही निमित्तं होती. खरा धडा जबाबदारीचा होता.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. ते दिवसही वेळापत्रकाने भरून टाकले, तर दप्तर तेवढं घरी राहील.

सुरक्षेचं काय, हा प्रश्न रास्तच आहे. दोर, हार्नेस, प्रथमोपचार हे जाणत्यांच्याच हाती हवं. तिथे तडजोड नको. पण चूल पेटवणं, तंबू उभारणं, पाण्याचा हिशेब ठेवणं, नकाशा पाहून वाट ठरवणं, आपसातलं भांडण मिटवणं हे मुलांना करू द्यायला काय हरकत आहे? खिचडी करपेल, तंबू तिरका होईल, अर्धा तास उशीर होईल. शिबिराला एवढंही परवडत नसेल, तर ते मुलांसाठी नाही, पालकांच्या समाधानासाठी चाललं आहे.

फी भरण्याआधी आपण उपक्रमांची यादी मागतो. त्याऐवजी एवढंच विचारावं : माझ्या मुलाने केलं नाही तर सगळ्यांचं अडेल, असं तिथे कोणतं काम आहे? उत्तर मिळालं नाही, तर ती सहल समजावी. सहलही चांगलीच, फक्त तिला शिक्षणाचा भाव लावू नये.