सोंगटी आणि गडी

संघ चालविणाऱ्यास आपल्या खेळाडूवर प्रयोग करण्याचा अधिकार आहे काय? संगणकाच्या पडद्यावर कबड्डीचा लुटुपुटीचा संघ चालविणाऱ्यास हा प्रश्न पडतच नाहीं. हंगामाच्या आरंभींच्या सामन्यांत तो नवख्यास बेधडक चढाईस पाठवितो. गडी बाद झाला तर डाव पुन्हां मांडतो. सारीपाटावरील सोंगटी मेली म्हणून कोणी सुतक पाळीत नाहीं.

परंतु अलिबाग-पेणकडील मातीच्या मैदानावर हाच निर्णय घेऊन पाहावा. तेथें ३० सेकंदांच्या चढाईंत ७ गड्यांसमोर एकटा शिरणारा पोरगा गांवादेखत बाद होतो. त्याचा गुडघा आणि त्याची अब्रू, दोन्ही पणास लागतात. मग त्यास बाहेरच बसवावें काय? तसें केल्यास तो शिकणार केव्हां? मनुष्यास केवळ साधन मानूं नये, असें कांटनें १७८५ सालीं प्रतिपादिलें. त्यांतील ‘केवळ’ हा शब्द विसरतां कामा नये. प्रयोगांत त्या पोराचेंही हित असेल, तर तो निव्वळ सोंगटी उरत नाहीं.

पुढील वाट कबड्डीचा नियमच दाखवितो. प्रतिपक्षाचा गडी बाद होतांच आपला बाद झालेला एक गडी पुन्हां मैदानांत येतो. संघ चालविणाऱ्यानें हा नियम मैदानाबाहेरही पाळावा. प्रयोग फसल्यास दोष आपल्या माथीं घ्यावा आणि त्या पोरास पुन्हां उभें करावें. एवढी ज्याची तयारी नसेल, त्यानें सोंगट्यांशींच खेळावें हें बरें.