भाडे ठरविण्याचा अधिकार

सार्वभौम सत्तेची चर्चा आपण सीमा, सैन्य आणि नाणे यांच्यापुरती करतो. परंतु चिखलीतून तळवड्याच्या किंवा चाकणच्या कारखान्याकडे निघालेल्या कामगाराला राजसत्ता भेटते ती रिक्षाच्या मीटरमध्ये. 1 सप्टेंबर 2022 पासून पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये हा दर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने लागू केला, तेव्हा त्या आकड्यांमागे एक जबाबदार कचेरी उभी होती, जिच्या दाराशी मोर्चा नेता येत होता. परमिट रद्द करावयाचे झाल्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 86 वे कलम परमिटधारकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी देते आणि 89 वे कलम अपिलाची वाट मोकळी ठेवते. सरकारी कचेरीतले खेटे मी विसरलेलो नाही. पण दाद लागण्यास विलंब होणे आणि दाद मागण्यास जागाच नसणे यांत महदंतर आहे.

अ‍ॅप-कंपन्यांकडे मात्र अशी जागा नाही. अ‍ॅपवरच्या चालकाचे भाडे मागणीप्रमाणे घटकेघटकेला बदलते, ते कोणत्या हिशेबाने बदलते याचा त्याला थांग नसतो, आणि एके सकाळी 'आयडी ब्लॉक' झाली की त्याची रोजी थांबते. दर ठरविणे, धंद्याची मुभा देणे, ती काढून घेणे आणि तक्रारीचा निवाडा करणे ही चारही कामे ज्या कंपनीच्या हाती एकवटली, ती त्या चालकापुरती शासनकर्तीच झाली.

या मुलखाला कंपनीचा अंमल नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीने 1765 मध्ये बंगालची दिवाणी मिळविली ती बादशहाच्या फर्मानाने. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचा कारभारही कंपनीकडे गेला. आजच्या कंपन्यांना मुलूख नको, फौजही नको, म्हणून ही तुलना ताणू नये. मात्र जुन्या कंपनीला निदान सनद मागावी लागली, नव्या कंपन्या आधी रस्त्यावर उतरल्या आणि परवान्याचा प्रश्न मागाहून निघाला.

त्यात दोष राज्याचाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने अशा कंपन्यांना परवान्याच्या कक्षेत आणले, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर 2020 मध्ये आली, तरी महाराष्ट्राचे स्वतःचे नियम रेंगाळले, आणि कंपन्यांनी परवान्यासाठी अर्ज करावेत हे मार्च 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. पुढे पुण्यात बाइक टॅक्सीविरुद्ध रिक्षाचालकांनी संप केला, परिवहन खात्याने डिसेंबरात रॅपिडो या बाइक टॅक्सी कंपनीचा परवान्याचा अर्ज फेटाळला, जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने विनापरवाना सेवा थांबविण्यास फर्मावले आणि 7 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारला. राज्याचा शब्द चालला, याचे समाधान मला आहे. परंतु मनाई करणारी सत्ता जेव्हा नियम करण्यात चालढकल करते, तेव्हा तिने सोडलेली जागा दुसरा कोणी भरून काढतोच, कारण रात्रपाळी संपवून परतणाऱ्या माणसाला घरी जाण्यासाठी वाहन हवेच असते.

1 एप्रिल 2025 रोजी मंत्रिमंडळाने ई-बाइक टॅक्सीला मान्यता दिली, तेव्हा वाहनाचा प्रकार ठरला, पण तेवढे पुरेसे नाही. चालकाची आयडी बंद करण्यापूर्वी त्याला लेखी कारण मिळावे, भाड्याच्या हिशेबाचे दप्तर परिवहन अधिकाऱ्याला तपासता यावे आणि कंपनीच्या निर्णयावर त्याच अधिकाऱ्याकडे अपील करता यावे, ही माझी मागणी आहे. परमिटधारकाला कायद्याने जे संरक्षण दिले, ते अ‍ॅपवर राबणाऱ्याला नाकारण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण मला दिसत नाही.